वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमधील पायवाटा

प्रश्न : आम्ही दोघेही साठी ओलांडलेले असून दर रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत चालत जातो. जूनमध्ये लंडनला मुलीकडे जात आहोत. तिथे चालण्याजोगी निसर्गरम्य ठिकाणे कोणती? – एक वाचक, दादर

उत्तर : कान्हेरीची चढण चढणाऱ्यांनी लेक डिस्ट्रिक्ट हा वायव्य इंग्लंडमधला डोंगर-सरोवरांचा प्रदेश चुकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनहून रेल्वेने पेनरिथ आणि तिथून बसने केझिक गाठावे; मग डरवेंटवॉटर सरोवरातून लाँचने पलीकडे उतरून कॅटबेल्स ही टेकडी चढावी. तिची उंची जेमतेम 451 मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. मात्र माथ्याजवळच्या गुळगुळीत झालेल्या खडकांवर हात टेकूनच चढावे लागते आणि पाऊस असेल तर तो बेत सोडून सरोवराच्या काठाने चालणेच शहाणपणाचे ठरते.

तिथल्या सार्वजनिक पायवाटा खासगी शेतांतूनही जातात. वाटेत लाकडी फाटक लागले, तर ते ओलांडल्यावर पुन्हा लावून घ्यावे, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात.

एकाच दिवसाची सवड असेल, तर व्हिक्टोरिया स्थानकातून ईस्टबोर्नला जाऊन सेव्हन सिस्टर्स हे समुद्रकाठचे पांढरे कडे पाहावेत. हे कडे खडूच्या ठिसूळ दगडाचे असल्याने कडेपासून बरेच आत चालावे, छायाचित्राच्या मोहातसुद्धा. जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतीची घाई नसते. पण विंडचीटर बरोबर हवाच, कारण छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही.