वाचकांचे प्रश्न : एका नाल्यावरची चार गावं

प्रश्न : आमचा नाला पुढे गोदावरीला मिळतो. वरच्या दोन गावांत डोंगर आणि वनजमीन, खालच्या दोन गावांत टोमॅटो, भाजीपाला. चौघांनी मिळून माती-पाणी अडवण्याचा एकच आराखडा करायचा विचार आहे. पण खालच्यांना आधी सिमेंट बंधारा हवाय. सुरुवात कुठून करावी? (त्र्यंबकेश्वर तालुका)

उत्तर : बंधारा सर्वांत शेवटी. वरचा उतार उघडा ठेवून खाली बंधारा घातला की तो थोड्याच पावसाळ्यांत गाळाने भरतो, आणि गाळ काढायला मग कुणाकडे पैसे नसतात.

आधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या (सर्व्हे ऑफ इंडिया) 1:50,000 नकाशावर नाल्याची पाणलोट-रेषा, म्हणजे ज्या जमिनीचं पाणी या नाल्यात येतं तिची हद्द, आखा. त्यात दर 20 मीटर उंचीला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मिळतात. गावांच्या हद्दी नंतर टाका. मग शिवारफेरी, तीही पाऊस चालू असताना. पाणी कुठून कुठे धावतं ते उन्हाळ्यात कळत नाही. गुराख्यांना बरोबर घ्याच, घळी त्यांना पाठ असतात. प्रत्येक गट नंबरापुढे वन, गायरान की खासगी ते लिहा. वनजमिनीवर वनविभागाच्या संमतीशिवाय कुदळ लावू नका. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, तर तिथल्या व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेनेच करायचा आहे.

आता उतारावर पाणी अडवायला आडवे खणायच्या चरांचा हिशेब. 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चर 100 मीटरला 18 घनमीटर पाणी धरतो. हेक्टरी 500 मीटर चर म्हणजे 90 घनमीटर, म्हणजे जेमतेम 9 मिलिमीटर पावसाचं पाणी! तुमच्याकडे आषाढातल्या एका सरीत ते भरतात. म्हणून कमी पावसाच्या सिन्नरकडचे लांबच लांब सलग चर तुमच्या डोंगरावर जसेच्या तसे नकोत. पातळी जिथे किंचित चुकते तिथून सगळं पाणी एकदम फुटतं आणि नवी घळ पडते. छोटे, तुटक चर खणा, खालची ओळ वरच्या फटींसमोर येऊ द्या. पातळी ए-फ्रेमने (ओळंबा लावलेली A आकाराची लाकडी चौकट) किंवा पाणनळीने (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घ्या, नजरेने नको. जिथे झाडोरा टिकून आहे तिथे खणूच नका.

घळींत अनगड (न घडवलेल्या) दगडांचे बांध, उंची मीटरभराच्या आत. मधला भाग कडांपेक्षा खोलगट हवा, नाहीतर पाणी बगलेने काठ कापतं. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्याचा माथा एका पातळीत आला की अंतर बरोबर बसलं.

प्रश्न : चराईबंदी वरच्या गावांनी पाळायची आणि विहिरी खालच्यांच्या भरायच्या, हे कोण मान्य करेल?

उत्तर : फुकट कुणीच नाही, आणि करूही नये. सगळा डोंगर एकदम बंद करू नका. एक तृतीयांश बंद, गवत कापून न्यायला मुभा. मोबदल्यात खालच्यांनी चारा किंवा श्रमदान किती द्यायचं ते चारही ग्रामसभांच्या ठरावांत एकाच शब्दांत लिहा. विहिरींची पातळी दिवाळीत आणि मेअखेरीस चौघांच्या माणसांनी एकत्र मोजावी. एकट्या गावाने घेतलेल्या नोंदीवर दुसरं गाव विश्वास ठेवत नाही.