अंकमित्र : नऊ एकांचा वर्ग आणि एक्सेलची दोन शून्यं

प्रश्न : नऊ वेळा १ लिहून, म्हणजे १११११११११ चा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो असं मुलगी सांगते. एक्सेलमध्ये करून बघितलं तर शेवट ३०० ने झाला. खरं काय? आणि अंकांची बेरीज ८१ येते म्हणून ८१ ने भाग जातो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलगीच बरोबर आहे हो. शेवटी १ असलेल्या संख्येचा वर्ग १ नेच संपणार, त्यामुळे शून्य दिसलं की तिथेच समजायचं काहीतरी गडबड आहे. एक्सेल फक्त १५ अंक धरतं, ही संख्या आहे १७ अंकी, म्हणून शेवटच्या २१ च्या जागी त्याने गपचूप ०० भरलं, एरर नाही काही नाही, हे मला फार डेंजर वाटतं.

आता १ ते ९ आणि परत १ हा अंकांचा चढउतार कुठून येतो ते बघायचं तर वही काढा आणि उभा गुणाकार मांडा. नऊ ओळी येतील, सगळ्या एकांच्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या उभ्या रांगेत एकच १, मग दोन, तीन असं करत मधल्या रांगेत नऊ आणि तिथून परत कमी कमी. बेरीज कधीच ९ च्या वर जात नाही म्हणून हातचा येत नाही, सगळी जादू एवढीच! दहा वेळा १ घ्या की मधे १० झाले, हातचा शेजारच्या ९ मधे गेला, त्याचेही १० झाले, आणि उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब, पॅलिंड्रोम (उलटसुलट सारखीच वाचली जाणारी संख्या) मोडला. आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (हो, ६१७४ या कापरेकर स्थिरांकाचे) यांनी असल्या संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं, एका रेल्वे स्टेशनवरून.

पण खरं सांगू का, पॅलिंड्रोम वगैरे वरवरची सजावट आहे, आपण दशमान पद्धतीत मोजतो म्हणून दिसते. अवयव मात्र कसंही लिहा, तेच राहतात. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, ही शेवटची पण मूळ संख्याच. वर्गात सगळे डबल होतात, म्हणजे ३ चार वेळा आणि बाकीचे दोन दोन वेळा, विभाजक बनवताना ३ शून्य ते चार वेळा घेता येतो म्हणजे ५ पर्याय, बाकीच्यांचे ३-३, त्यामुळे विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विभाजक सहसा जोडीने येतात पण वर्गात वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते, म्हणून ४५ विषम.

राहिलं ८१. भाग जातो, पण चार वेळा ३ आहे म्हणून, बेरजेमुळे नाही! बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. १८९९ ची बेरीज २७ येते, पण २७ ने भागून बघा, बाकी ९ उरते.