इन्सुलिन सुरू झालं, आता विमान चालवता येईल का?

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत हौसेनं छोटं विमान उडवतो. नुकतंच त्याला इन्सुलिन सुरू झालं. उडणं बंदच का?

उत्तर : नाही. तिथली एफएए (विमान वाहतुकीचं नियमन करणारी सरकारी संस्था) १९९६ पासून इन्सुलिन घेणाऱ्यांना तिसऱ्या वर्गाचं, म्हणजे हौशी वैमानिकांना चालणारं, वैद्यकीय प्रमाणपत्र देते. अर्थात आपोआप नव्हे, कागदपत्रं तपासून. गेल्या वर्षभरात साखर उतरून बेशुद्धी किंवा आकडी आली असेल तर अर्ज अडतो.

ग्लुकोमीटर वापरणाऱ्यानं उड्डाणाआधी अर्धा तास साखर मोजायची. १०० ते ३०० (मिग्रॅ/डेसिलिटर) असेल तर निघायचं. १०० च्या खाली असेल तर किमान १० ग्रॅम ग्लुकोज घेऊन अर्ध्या तासानं पुन्हा मोजायची. ३०० च्या वर गेली तर उड्डाण रद्द. हवेत दर तासाला आणि उतरण्याआधीच्या अर्ध्या तासात पुन्हा तपासणी. १०० च्या खाली आली तर २० ग्रॅम ग्लुकोज, ३०० च्या वर गेली तर जवळच्या विमानतळावर उतरायचं.

७० च्या खाली ‘कमी’ म्हणतात, मग १०० वर एवढा कटाक्ष का? कारण साखर घसरत असताना निर्णयशक्ती मंदावू शकते आणि ते स्वतःला कळेलच असं नाही. आणखी एक : ग्लुकोजची गोळी चघळताना बोटांना ग्लुकोज चिकटतं नि आकडा खोटा चढतो. बोट पाण्यानं धुऊन, कोरडं करूनच टोचा.