२२ वर्षं शिकवलं, आणि आता टीईटीत नापास

पारोळा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यातला काही भाग असा: "ताई, जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वय ४४, नोकरी २२ वर्षं. नोव्हेंबरात टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक दिला. उत्तरसूचीवरून ताळा केला तर ७९ गुण, लागतात ९०. मराठी २४, परिसर १७, गणित १६, बालमानसशास्त्र १३, इंग्रजी ९. वेळ पुरला नाही, १४ प्रश्न कोरे राहिले. अकॅडमीत माझीच एक विद्यार्थिनी शेजारी बसते. पुस्तक उघडलं की आधी संताप येतो, मग रडू. मुलगी बारावीला आहे, ती काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. मी शिकवलं ते सगळं खोटं होतं का? स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळी होऊ का?"

बाई,

तुमचा संताप रास्त आहे, आणि त्याची लाज वाटून घेऊ नका. तुम्ही डी.एड. करून लागलात, शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षं काढलीत, तेव्हा टीईटी नावाचं काही नव्हतंच. ही अट २०१० साली आली, महाराष्ट्रात पहिली टीईटी २०१३ मध्ये झाली. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे त्यांनीही दोन वर्षांत पास व्हावं. लागताना नसलेली अट चाळिशी उलटल्यावर पुढ्यात आली तर कोणीही चिडेल. संघटना भांडत असेल तर तिच्यामागे उभ्या राहा, मोर्चाला जा. फक्त त्या भरवशावर पुस्तक मिटून ठेवू नका.

स्वेच्छानिवृत्तीचा विचार मात्र आज नको. ५८ ला अजून १४ वर्षं आहेत, आणि तुम्हाला कमी पडले ११ गुण. चुकीच्या मनःस्थितीत केलेली सही नंतर पुसता येत नाही.

आता त्या गुणांकडे बघू. तिसांपैकी मराठी २४ म्हणजे उत्तम. परिसर आणि गणित अगदीच वाईट नाही. मला खटकले ते बालमानसशास्त्रातले १३. बावीस वर्षं सहा-सात वर्षांच्या पोरांत काढलेल्या बाईला तिथेच कमी गुण कसे? तुम्ही सराव पेपरातले दोन चुकलेले प्रश्न पत्रात उतरवलेत, त्यातच उत्तर आहे.

पहिला असा: मुलगा ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहितो, शिक्षकाने काय करावं? तुम्ही निवडलंत, "आणखी दहा उदाहरणं सोडवून घ्यावीत." बरोबर उत्तर होतं, "त्याने ते कसं केलं हे त्यालाच विचारावं." कारण तो मुलगा नुसता हातचा विसरला असेल असं धरून चालता येत नाही. त्याने कदाचित प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला असेल: सातातून दोन, चारातून एक. तसं असेल तर ही त्याची पक्की समजूत आहे. दहा उदाहरणं दिली तर तो दहाही तशीच करील. आणि तुम्हीच पुढे लिहिलंय की वर्गात अशा पोराला तुम्ही जवळ बसवता, काड्यांचे गठ्ठे सोडायला लावता. म्हणजे उत्तर तुमच्या हातात होतं, पेपरात मात्र तुम्ही वेगळंच लिहून आलात!

दुसरा प्रश्न घरी वेगळी बोली असलेल्या मुलांचा. "वर्गात प्रमाण भाषेतच बोलावं" यावर तुम्ही खूण केलीत. का हो बाई? पहिलीचं लेकरू "मनाजोडे पेन्सिल नही शे" म्हणतं तेव्हा तुम्ही त्याला अहिराणीतच उत्तर देता, आणि दिवाळीपर्यंत ते पुस्तकातली मराठी वाचायला लागतं. हेच बरोबर उत्तर होतं. तुम्हाला वाटलं, पेपर सरकारी आहे, तर साहेबांना आवडेल ते लिहावं. पोर्शन, तपासणी, अहवाल यांच्या धाकाने तुम्ही पर्याय निवडता. या विभागात बहुतेक प्रश्न मुलाच्या बाजूने बघायला सांगतात. मुलाला गप्प करणारा, शिक्षा देणारा, नुसतं पाठ करून घेणारा पर्याय सहसा चूक असतो. पियाजे, वायगॉटस्की, कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मुलांच्या वाढीच्या अवस्था आणि संज्ञा मात्र पाठ कराव्याच लागतील. त्या पाठ करताना प्रत्येकीसमोर आपल्या वर्गातल्या एका पोराचं नाव लिहा. काड्या-खडे हातात घेतल्याशिवाय ज्याला बेरीज सुचत नाही, तो पियाजेच्या पानावर बसेल. इथे १३ चे २१ होणं मला अवघड वाटत नाही.

इंग्रजीत ९ चे १४ झाले की झालं. व्याकरणाचं जाडजूड पुस्तक बाजूला ठेवा, रोज एक उतारा आणि त्याखालचे प्रश्न एवढंच करा. हे मुलीसोबत बसून करा. ती बोलत नाही कारण तुम्हाला कसं विचारावं हे तिला कळत नसेल. "हे वाक्य मला समजावून सांग" असं तुम्हीच म्हणा.

कोऱ्या प्रश्नांचं ऐकून मी हळहळले. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली असती तरी १४ तले तीन-चार लागले असते. १५० प्रश्नांना १५० मिनिटं असतात, म्हणून गणित सगळ्यात शेवटी घ्या, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त उरलेले गोल काळे करायला ठेवा. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, रविवारी एक पुरे.

अकॅडमीतल्या त्या मुलीचंही सांगते. ती तुमच्यामुळे वाचायला शिकली आणि आता शिक्षिका व्हायला निघाली आहे. तिच्याकडून संज्ञा समजून घ्या, तिला वर्ग कसा सांभाळायचा ते सांगा. तिला ते कुठल्याच गाइडात मिळणार नाही.

तुमच्या शेतातली कापूस वेचणी आणि परीक्षा यंदा एकाच महिन्यात आल्या. पुढच्या वेळी तसं झालं तर वेचणीच्या मजुरांचं घरच्यांनी बघावं, हे आत्ताच बोलून ठेवा. तुम्हाला पहाटेचा एक तास मोकळा हवा, तो मागून घ्या. आणि तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, इतर शिक्षकांना तुमचे गुण सांगा. त्यांच्यातही पुष्कळ जण निकाल लपवून बसले असतील.