परसात भरणारी बालवाडी

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : मी घरी पाच मुलं सांभाळते. सगळी अडीच ते पाच वर्षांची. मागे परस आहे, त्यात शेवगा, चिंच, पाण्याचा हौद आणि मोकळी माती. मुलं दिवसभर तिथेच रमतात. पण संध्याकाळी न्यायला आलेले पालक विचारतात, ‘आज काय शिकवलं?’ एका आईने तर वही आणून दिली आणि रोज एक पान लिहून घ्या म्हणाली. समोरच्या नर्सरीतली तिच्या मुलीच्याच वयाची मुलं एबीसीडी लिहितात म्हणे. मी काय सांगू त्यांना? खेळून मुलं नेमकं काय शिकतात?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पाच मुलं, एक परस आणि त्यांच्याकडे लक्ष असलेली एक बाई. या वयाला याहून वेगळी शाळा लागत नाही, हे मी बालवाडीत आयुष्य घालवून सांगते आहे. तेव्हा बिचकू नका.

आधी वहीचं बघू. जन्मलेल्या बाळाच्या मनगटातली आठही हाडं कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात. त्यांचं एकेक करून हाड होत जातं आणि शेवटचं व्हायला नऊ-बारा वर्षांचं वय उजाडतं. बोटांचे बारीक स्नायूही अजून तयार होत असतात. अशा हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळतं, खांद्यापासून जोर लावतं आणि दोन ओळींत कंटाळतं. मग आपण म्हणतो, याला लिहायची आवड नाही! त्याचा हात तयार करायचा तर मटार सोलायला बसवा, कणीक मळू द्या, ओला फडका पिळू द्या. प्राजक्ताची फुलं खराट्याच्या हिरात ओवायला द्या. अंगठा आणि दोन बोटं यांची जी पकड पुढे पेन्सिलीला लागते, ती इथे तयार होते, आणि कुणी ओरडल्याशिवाय होते.

आता चिंचोके. तुमच्या परसात चिंच आहे म्हणून मुद्दाम सांगते, कारण माझा त्यांच्यावर फार जीव आहे. एका टोपलीत चिंचोके आणि शेजारी चार वाट्या ठेवा, आणि काही बोलू नका. तीन वर्षांचं मूल ते नुसतं या वाटीतून त्या वाटीत ओतत बसेल. तो आवाज, ते वजन, वाटी भरून सांडणं, यात त्याचा अर्धा तास जाईल. जाऊ द्या. चार वर्षांचं मूल आपणहून मोठे-लहान, काळपट-तांबूस असे वेगळे करायला लागेल. कुणीतरी म्हणेल, ‘माझे जास्त.’ तेव्हा पाच चिंचोके एकमेकांना चिकटून ओळीत मांडा, त्याखाली दुसरे पाच लांब लांब मांडा आणि विचारा, जास्त कुठे आहेत? ते लांब ओळीवर बोट ठेवेल. मोजून दाखवलंत तरी बहुधा त्याच ओळीवर ठेवेल. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या याच विचाराचा अभ्यास केला होता. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलसुद्धा इथे अडतं, कारण आकडे पाठ असणं वेगळं आणि पाच म्हणजे किती हे कळणं वेगळं. दुरुस्त करू नका. सहा-सात वर्षांच्या सुमाराला, असंच हाताळून हाताळून, ते त्याचं त्याला कळतं. पाच वर्षांच्या मुलीला चिंचोके फोडून, फरशीवर घासून द्या आणि चल्लस, म्हणजे घरं आखलेल्या पटावर सोंगट्या चालवायचा खेळ, खेळायला बसवा. चार पांढरे पडले की चार, सगळे काळे पडले की आठ. मोजणं, घर चालणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हरलं तरी पट न उधळणं, एवढं सगळं त्या एका डावात आहे.

एक मात्र कडक पाळा. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर चिंचोके, बिया, खडे त्याच्या हाती पडू देऊ नका. ते तोंडात घालतं, नाकात घालतं. त्याला वाट्या, पाणी आणि मोठी पानं द्या. परसात गुंज, धोतरा, एरंड, कण्हेर किंवा पिवळी बिट्टी असेल तर ती काढून टाका. बिट्टीच्या बियांनी आपण लहानपणी खेळलो असू, पण ती विषारी आहे.

पालकांना काय सांगायचं, ते. ‘खेळले’ एवढंच सांगितलंत तर त्यांना वाटणारच की दिवस फुकट गेला. रोज प्रत्येकाची एकच गोष्ट सांगा, पण डोळ्यांनी पाहिलेली: ‘आज तुमच्या मुलीने शेवग्याच्या शेंगा लांबीप्रमाणे लावल्या आणि मधे एक बसत नव्हती, तर सगळ्या सरकवून जागा केली.’ कोणत्या आईला हे ऐकायला नको असतं? आणि ती वही परत देऊ नका. तिच्यात मुलीची वाक्यं लिहा, तारीख घालून, ती बोलली तशीच. आमच्या बालवाडीत पावसात भिंतीवर गोगलगाय दिसली तेव्हा एक मुलगा म्हणाला होता, ‘हिने घर धुवायला काढलंय.’ मी त्याच्यासमोर ते लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. आपण बोलतो ते कागदावर राहतं आणि परत वाचता येतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. अक्षरओळख त्यानंतर.

यातलं काही मी नवं सांगत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांतून साधनं घडवली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही त्यांचीच कल्पना. पुढे जवळच्याच कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरवली. आणि पालकांना सरकारी आधार हवा असेल तर २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवा. त्यात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, पहिलीचं वय सहा मानलं आहे आणि खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

प्रश्न : आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा. अंगण नाही, झाड नाही, मी नोकरी करते. निसर्ग आणू कुठून?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : बाल्कनीत कढीपत्त्याची एक कुंडी ठेवा आणि तिच्यावर औषध मारू नका. एक दिवस पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसेल. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीने हलकेच डिवचली तर डोक्यामागून तांबूस शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे कोष, आणि त्यातून फुलपाखरू. कुंडीतली पानं संपतील, तुमच्या आमटीला उरणार नाहीत. चालू द्या. मुलगा रोज सकाळी उठल्याबरोबर तिकडे धावेल, हे मी खात्रीने सांगते.

नवरात्रात घट बसवत असाल तर त्याच्याशेजारी मुलाची एक वेगळी वाटी ठेवा, माती आणि गहू घालून. पाणी त्याच्या हाताने. कोंब वर आला की तो रोज दोऱ्याने मोजा आणि दोऱ्याचा तेवढा तुकडा कापून कागदावर चिकटवा. नवरात्र संपेपर्यंत दोऱ्यांची एक ओळ होईल आणि गहू कसा वाढला हे त्याला दिसेल. एरवी मटकी भिजवून मोड आणा, तेही चालेल. संध्याकाळी थकून येता, हे मला कळतं. त्यासाठी वेगळा वेळ काढू नका, तुम्ही भाजी निवडाल तेव्हा त्याला शेजारी बसवा.

प्रश्न : नात सुट्टीला आमच्याकडे येते आणि पावसात चिखलात खेळते. सूनबाईंना जंतांची आणि आजाराची भीती वाटते. दोघींचंही मन राखायचं आहे.
— एक आजोबा, कुडाळ

उत्तर : सूनबाईंची भीती खोटी नाही. एक प्रकारचे जंत अनवाणी पायातून शिरतात, आणि कोकणात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो. तेव्हा पायात चप्पल हवी, अंगावर जखम असेल तर चिखल नाही, आणि तुंबलेल्या पाण्यात किंवा कुत्री-मांजरं घाण करतात त्या कोपऱ्यात खेळणं नाही. नखं कापलेली असावीत, खेळून आल्यावर साबणाने हात. सरकारी मोहिमेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतांची गोळी देतात, ती तिला मिळाली का, हे सूनबाईंना विचारा. नात माती नुसती खेळत नसेल, खातही असेल आणि ते थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा. अंगात लोह कमी असलं की मुलं माती खातात.

एवढं सांभाळलंत की अंगणातला एक उतार तिला देऊन टाका. पाण्याला वाट करू द्या, बांध घालू द्या, तो फुटला की परत घालू द्या. आणि सूनबाई आल्या की त्यांनाही एक जुनी साडी नेसवून त्या बांधावर बोलवा.