ओढ्यातील किडे आणि पाण्याची परीक्षा

प्रश्न : आमचा ओढा पुढे मलप्रभा नदीला मिळतो. त्यातील दगडांखालचे किडे पाहून पाणी चांगले की वाईट हे ठरवता येते, असे शाळेत सांगितले गेले. हे कितपत खरे आहे?
– एक वाचक, तालुका खानापूर

उत्तर : खरे आहे. बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिलेले पाणी केवळ त्या क्षणाची स्थिती सांगते. दगडांखालच्या अळ्या मात्र अनेक आठवडे, काही तर महिनोन् महिने तेथेच राहत असल्याने रात्रीतून सोडलेले सांडपाणीही त्यांच्या संख्येत उमटते. पोटाच्या कडेला कल्ले असलेली मेफ्लायची अळी, दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची अळी आणि वाळूकणांचे घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी यांना सहसा भरपूर प्राणवायू लागतो. याउलट, रक्तात हिमोग्लोबिन असलेल्या कायरोनोमस या न चावणाऱ्या, डासासारख्या माशीच्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स कृमी अत्यल्प प्राणवायूतही तग धरतात. मात्र चांगल्या ओढ्यातही त्या थोड्याफार आढळतातच. काळजी करावी ती बाकीचे सारे नाहीसे होऊन त्यांचेच राज्य झाल्यावर.

ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या बीएमडब्ल्यूपी (बायोलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) या पद्धतीत अशा जीवांच्या प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण असतात; प्रदूषण जितके कमी सोसते तितके गुण जास्त. एकूण गुणांना सापडलेल्या कुळांच्या संख्येने भागून सरासरी काढतात; ती जास्त तर पाणी चांगले. तुमच्या तालुक्यातील कणकुंबीकडील धुवाधार पावसात किडे वाहून जातात, म्हणून पाहणी पाऊस ओसरून काही आठवडे गेल्यावर करावी आणि उचललेला दगड पुन्हा तसाच ठेवावा. पिण्यासाठी मात्र जंतुतपासणी वेगळीच करावी लागते, कारण रोगजंतूंचा पत्ता हे किडे देत नाहीत.