कार्डाच्या मागच्या बाजूला काय छापलंय?
गोल्फचे स्थानिक नियम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या स्कोअरकार्डावर ‘हद्दीबाहेर किंवा हरवलेला चेंडू : दोन दंड, पुढे ड्रॉप’ असं छापलंय. एकाऐवजी दोन दंड कशासाठी? आणि ड्रॉप (चेंडू हातातून खाली सोडणं) नेमका कुठे करायचा?

उत्तर : मूळ नियम १८.२ सांगतो की चेंडू हद्दीबाहेर गेला किंवा ३ मिनिटं शोधून सापडला नाही, तर एक दंड (स्कोअरमध्ये वाढणारा एक फटका) घ्या आणि जिथून मारला तिथूनच पुन्हा मारा. स्पर्धेत हे ठीक, पण रोजच्या खेळात माणूस टीकडे (होलचा पहिला फटका मारतात त्या जागेकडे) परत चालायला लागला की मागचे सगळे खोळंबतात. म्हणून २०१९च्या नियमावलीत ई-५ हा नमुना नियम (क्लबाला हवा तर लागू करता येणारा तयार स्थानिक नियम) आला. तुमच्या कार्डावर आहे तो हाच.

दोन दंडांचा हिशेब सोपा आहे. टीवर परत गेलात तर एक दंड धरून तिथून तिसरा फटका, आणि तो नीट फेअरवेत (टी आणि होल यांमधल्या बारीक कापलेल्या गवताच्या पट्ट्यात) पडला की पुढचा चौथा. ई-५मध्ये तुम्ही थेट फेअरवेजवळ उभे राहता आणि तिथून चौथाच मारता. सवलत मिळते ती चालण्यात, स्कोअरमध्ये नाही.

आता जागा. आधी दोन खुणा ठरवा. पहिली, चेंडूने हद्द ओलांडली ती जागा. हरवला असेल तर तो थांबला असेल असा अंदाज असलेली जागा. दुसरी, त्याच होलच्या फेअरवेचा पहिल्या खुणेला सर्वांत जवळचा बिंदू, मात्र तो होलच्या अधिक जवळ नको. होलपासून या दोन्ही खुणांमधून मागे जाणाऱ्या दोन रेषा डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या मधला पट्टा तुमचा, शिवाय प्रत्येक रेषेच्या बाहेर दोन क्लब-लांबी (इथे क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी). क्लब-लांबी पटर (होलजवळ चेंडू ढकलायचा क्लब) सोडून पिशवीतल्या सर्वांत लांब क्लबने मोजतात. ड्रायव्हर ४५ इंची असेल तर दोन लांब्या म्हणजे साडेसात फूट. म्हणजे फेअरवेच्या कडेपासून तेवढं आत येऊन कापलेल्या गवतावर चेंडू टाकता येतो. पहिल्या खुणेपेक्षा होलच्या जवळ मात्र जाता येत नाही.

चूक होते ती प्रोव्हिजनल चेंडूत, म्हणजे पहिला सापडणार नाही या शंकेने मारलेल्या राखीव चेंडूत. टीवरून तो मारलात की पहिल्या चेंडूसाठी ई-५चा रस्ता बंद. अनेक जण दोन्ही हातचे राखू पाहतात. ते चालत नाही. प्रोव्हिजनलही हरवला, तर त्याच्यासाठी मात्र हा पर्याय वापरता येतो. चेंडू पेनल्टी एरियात (लाल किंवा पिवळ्या खुंट्यांनी आखलेल्या, बहुधा पाण्याच्या भागात) गेल्याची खात्री असेल तर ई-५ नाही, नियम १७ लागतो. व्यावसायिक आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांत हा नियम ठेवू नये अशी शिफारस आहे, त्यामुळे दुसऱ्या क्लबात खेळताना तो असेलच असं धरून चालू नका.

प्रश्न : ओल्या दिवसांत ‘उचला, पुसा, ठेवा’ लागू असतं. जोडीदार चेंडू ठेवतो, तो आवडला नाही की पुन्हा हलवतो. चालतं का?

उत्तर : नाही. ठेवणं एकदाच. चेंडू ठेवून सोडला की तो खेळात आला. नंतर पुन्हा हलवला तर दंड. किती अंतरात ठेवायचा ते कमिटी लिहिते : ६ इंच, स्कोअरकार्डाची लांबी किंवा एक क्लब-लांबी. होलच्या जवळ ठेवता येत नाही. ही सवलत फेअरवेइतक्या किंवा त्याहून बारीक कापलेल्या गवतापुरतीच. रफमधून (फेअरवेबाहेरच्या उंच गवतातून) चेंडू उचलून पुसणारे ‘आज प्लेसिंग आहे ना’ म्हणतात, ते चूक.

प्रश्न : हद्दीची पांढरी खुंटी क्लबच्या आड येत होती. उपटून बाजूला ठेवली आणि मारला. सोबतचे म्हणाले दोन दंड.

उत्तर : बरोबर म्हणाले. लाल, पिवळ्या खुंट्या सहज निघत असतील तर काढता येतात; हद्द दाखवणारी नाही. तिच्यापासून फुकट सवलतही नाही. फटक्याआधी चूक लक्षात आली असती आणि खुंटी होती तशी परत रोवली असती, तर दंड टळला असता.

प्रश्न : आधाराची काठी बांधलेल्या लहान झाडापाशी चेंडू थांबला. जपून मारला, पानही हललं नाही. तरी दंड का?

उत्तर : कारण तिथे सवलत घेणं सक्तीचं आहे. कमिटीने अशी झाडं ‘खेळण्यास मनाई’ म्हणून खुणावली असतील तर चेंडू, उभं राहण्याची जागा किंवा स्विंग यांपैकी कशालाही झाडाचा अडथळा असला तरी तिथून मारायचं नाही. मारलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन दंड, मॅच प्लेमध्ये (होलगणिक हार-जीत मोजतात तिथे) होल गेलं.

सवलत घेताना अडथळा पूर्ण सुटेल असा सर्वांत जवळचा बिंदू शोधा आणि तिथून एका क्लब-लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडा. लोक सर्वांत सोयीची जागा शोधतात. नियमाला हवी सर्वांत जवळची. ती कधी कधी उंच गवतात निघते, इलाज नाही. चेंडू दोनदा क्षेत्राबाहेर गेला तर दुसऱ्यांदा जिथे टेकला तिथे ठेवा.

प्रश्न : आम्ही कमिटीवर आहोत. ‘हद्दीबाहेर गेल्यास एकच दंड, तिथेच ड्रॉप’ असा आमचा नियम करता येईल?

उत्तर : नाही. मूळ नियमातला दंड कमी करण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार कमिटीला नाही. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या नमुना नियमांतून निवड करायची. निवड भरपूर आहे : फेअरवेतल्या झाडांच्या मुळांपासून सवलत, ड्रॉपसाठी ठरलेली जागा, अंतर मोजणाऱ्या यंत्रांवर बंदी, सगळ्यांचे नमुने तयार आहेत.

लिहिलेला नियम लोकांपर्यंत पोचवणं हे वेगळंच काम. २०१०च्या पीजीए चॅम्पियनशिप या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत व्हिसलिंग स्ट्रेट्स या मैदानावर स्थानिक नियम होता की वाळूचा प्रत्येक खळगा, प्रेक्षकांनी तुडवलेला असला तरी, बंकरच (जिथे फटक्याआधी वाळूला क्लब टेकवायचा नसतो). शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सन या खेळाडूने अशाच वाळूला फटक्याआधी क्लब टेकवला. दोन दंड बसले आणि प्लेऑफ (बरोबरीनंतरची निर्णायक लढत) हुकला. सूचना लावलेली होती.

प्रश्न : आमच्या एका होलवरून विजेच्या तारा जातात. तारेला लागून चेंडू भलतीकडे गेला तर?

उत्तर : कार्डावर तारांचा नियम असेल तरच सवलत. नमुना नियम ई-११ प्रमाणे तो फटका मोजायचा नाही. दंड न घेता मूळ जागेवरून पुन्हा मारायचा. चेंडू तारेला लागल्याची खात्री मात्र हवी, नुसता अंदाज नको. आणि नियमात ‘मारलाच पाहिजे’ असं असेल तर निवड तुमच्या हातात राहत नाही. चेंडू तारेवर आपटून ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर) झेंड्याशेजारी पडला असला, तरीही.